पावणेबाराची नोंद

गुरुवार, सतरा तारीख. रात्रीचे सव्वाअकरा वाजून गेले होते आणि ती काकांच्या खोलीकडे निघाली होती ती फक्त पंचिंग मशीन मागायला. रिपोर्टच्या चारही प्रती छापून झाल्या होत्या, भोकं पाडायची राहिली होती. शुक्रवारी सकाळी दहाला सगळं जमा करायचं आणि दुपारी परीक्षकांना चालवून दाखवायचं. वर्षभर दौडलेलं घोडं शेवटी भोकांपाशी येऊन अडलं होतं.

काका म्हणजे लॅबचे राखणदार. लॅबला लागूनच त्यांची खोली, आणि बाराही महिने मुक्काम तिथेच. त्यांनी एक वाक्य सुरू केलं की ते संपेपर्यंत समोरच्याचा चहा गार व्हायचा. म्हणून तिने दारातूनच सांगितलं, "काका, पंचिंग मशीन द्या ना. लगेच परत करते."

"तू कशाला आणतेस परत? मीच येतो. बाराला कुलूप लावायचंच आहे."

झालं. आता हे मागोमाग येणार, स्टूल ओढून बसणार आणि आमच्या वेळी काय होतं ते सुरू करणार. तिच्या कपाळाला आठी पडली. वडीलधाऱ्यांना वेळ असतो, या एका गोष्टीचा तिला मनापासून राग होता.

लॅबमध्ये लंबू आणि झोपाळू कागद लावत बसले होते. लंबूकडे वायरिंग होतं, झोपाळूकडे प्रोग्रॅम. चौथी मुंगी, अंगाने एवढीशी आणि कामाला सगळ्यांत पुढे. ती संध्याकाळीच डोकं दुखतंय म्हणून हॉस्टेलवर गेली होती. आणि ही स्वतः टीमची लीडर. तिला सगळे हेडबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर.

प्रोजेक्ट होता पुराची सूचना देणारं यंत्र. कॉलेजच्या मागे दोन किलोमीटरवर एक बुटका पूल आहे. वरच्या धरणातून रात्री पाणी सोडतात तेव्हा ते कधी चढतं ते वरून कळत नाही. पुलाच्या खांबाला लोखंडी शिडी, शिडीच्या तळाशी पेटी, पेटीत तरंगणारा गोळा. गोळा वर उचलला गेला की इकडे लॅबच्या पॅनेलवर लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. विषय जुनाच. शिडी आणि पेटीही कुठल्याशा जुन्या बॅचची, आतलं सगळं यांनी नवं केलेलं. एकवीस रात्रींची चाचणी ठरली होती. रोज पावणेबाराला एकाने पुलावर जायचं, पट्टीवर पाण्याची उंची वाचायची आणि गोळा हाताने उचलायचा. दुसऱ्याने लॅबमध्ये दिवा लागल्याची वेळ लिहायची. जो पुलावर गेला, त्याची सही.

वीस रात्री झाल्या. एकविसावी आजची. आणि आजची नोंद हेडबाईने संध्याकाळीच भरून टाकली होती. पाणी छप्पन्न सेंटीमीटर, वेळ पावणेबारा, दिवा लागला. खाली मुंगीची सही, तीही हिनेच ठोकलेली. मुंगी चिडली होती. "जे मी केलं नाही त्याच्याखाली माझी सही नको." "अगं, एका रात्रीने काय आभाळ कोसळतंय? जरा शहाणपणाने वाग." मुंगीने दप्तर उचललं होतं.

काकांनी स्टूल ओढलं, बसले आणि त्यांची नजर पॅनेलवर गेली. पॅनेलवर लंबूने आपलं जॅकेट टांगलं होतं. बाजूला भोंग्याची वायर सुटी लोंबत होती.

"ही वायर कुणी काढली?"

"मी," लंबू म्हणाला. "शेजारच्या वर्कशॉपमधलं मशीन सुरू झालं की भोंगा उगाच बोंबलतो, काका. डोकं उठतं."

"परवा परीक्षकांसमोर बोंबलला नाही म्हणजे मिळवलं," झोपाळू म्हणाला.

"परवा नाही, उद्या! जागा हो आता," हेडबाई डाफरली.

काका हसले नाहीत. बराच वेळ त्या वायरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या ओळखीत एक लॅबवाला होता."

"काका, प्लीज. सकाळी दहाला जमा करायचंय."

"तुझे हात चालू दे. कान रिकामेच आहेत ना?"

लंबूने खुर्ची जवळ ओढली. त्याला गोष्ट म्हटलं की भूक, झोप, सबमिशन, काही सुचत नसे. हेडबाईने खटाखट भोकं पाडायला घेतली.

"त्या लॅबवाल्याचा मुलगा त्याच कॉलेजात इंजिनीअर होत होता. बाप ज्या बाकांवरची धूळ पुसायचा त्याच बाकांवर लेक बसायचा. बापाची छाती केवढी फुगत असेल बघा. शेवटच्या वर्षाला चौघांनी मिळून प्रोजेक्ट घेतला. हाच, पुलाचा. अकरा वर्षं झाली."

मशीनचा खटखटाट एक क्षण थांबला. पुन्हा सुरू झाला.

"पोरगं भारी काटेकोर. नोंदवहीत चुकलं तर खोडरबर नाही, गिरगटणं नाही. पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक टिंब. बापाने विचारलं, टिंबं कशाला रे? तर म्हणाला, बाबा, मग पुढे कुणी रेघ वाढवू शकत नाही. इथे सुरू, इथे संपली."

"माझ्यासारखाच खडूस," झोपाळू पुटपुटला.

"तू? तुझी वही तर कोंबडी नाचल्यासारखी," लंबू म्हणाला.

"त्यांचीही एकवीस रात्रींची चाचणी होती," काका सांगत राहिले. "शेवटच्या रात्री लीडर कंटाळला. पोरगा वाईट नव्हता. थकला होता. त्याने नोंद आधीच भरून ठेवली. पोराच्या नावाची सहीसुद्धा केली. म्हणाला, जाऊ नकोस, झोप. आणि लॅबवाल्याला म्हणाला, काका, हा भोंगा दिवसभर खोटाच वाजतोय, वायर काढून टाका ना. लॅबवाल्याने काढली. साधी गोष्ट. दोन बोटांचं काम."

आता भोकं कुणीच पाडत नव्हतं.

"पोराला ती सही सहन झाली नाही. बापाला म्हणाला, मित्राकडे अभ्यासाला जातो. आणि सायकल काढून पुलावर गेला. एकटाच. त्या रात्री वरून पाणी सोडलं होतं."

बाहेर व्हरांड्यात काहीही हलत नव्हतं.

"लॅबवाला इथेच... तिथेच, लॅबमध्ये अंथरूण टाकून पडला होता. पावणेबाराला दिवा लागला. रोज लागायचा तसा. पाच सेकंदांत विझायला हवा होता. विझला. परत लागला. विझला. परत लागला. लॅबवाल्याला वाटलं, वायरचा घोळ. पोरं दिवसभर म्हणतच होती... लाल उजेड डोळ्यांवर येत होता. झोप लागेना. मग तो उठला."

"मग?" लंबूचा आवाज चिरकला.

"खांद्यावरचा टॉवेल काढला. दिव्यावर टाकला."

लंबूची नजर आपल्या जॅकेटकडे गेली.

"झोपलो मी," काका म्हणाले.

ते काय बोलून गेले हे त्यांचं त्यांनाही बहुधा कळलं नाही. हेडबाईला कळलं. तिच्या हातातला कागद तसाच राहिला.

"सकाळी सापडला. पाय शिडीत अडकलेला. आणि हात... हात पेटीत. मुठीत गोळा. मूठ सोडवायला दोन माणसं लागली." काकांनी स्वतःची मूठ उघडली, मिटली. "किती वेळ हलवत होता, कोण सांगणार? पहाटे टॉवेल काढला तेव्हा दिवा लागलेलाच होता. विझत नव्हता. आणि वहीत सगळं ठीकठाक. पाणी कमी. दिवा लागला. खाली सही."

मग ते म्हणाले, "अकरा वर्षं इथे झोपतोय, पोरी. माणसं म्हणतात, भुतं येतात, छळतात. मी म्हणतो, ये ना. छळ. एकदा दिवा लाव. मी बसलोय जागा. तर नाही. एकदाही नाही."

हेडबाईला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की ती नेहमी करायची तेच तिने केलं, उठून उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला दहा कमी. ती पॅनेलपाशी गेली आणि जॅकेट ओढून काढलं.

दिवा बंद होता.

तिने श्वास सोडला. "बघा. काही नाही. उगाच आपण..."

दिवा लागला.

विझला.

लागला.

"वायरचा घोळ असेल," झोपाळू म्हणाला. आणि म्हणताक्षणीच त्याने तोंडावर हात ठेवला.

हेडबाईने दाराकडे पाहिलं. दारामागे चौघांचे चिखलात जायचे बूट असायचे. तीन जोड होते. सगळ्यांत लहान जोड नव्हता.

"मुंगी..."

फोन लावला. वाजला नाही. दिवा विझला. लागला.

काका एव्हाना कपाटातून दोर काढून दारात पोचलेसुद्धा होते. आयुष्यात पहिल्यांदा म्हातारा तिच्या पुढे होता. सगळे बाहेर पडले, काकांनी सवयीने कुलूप घातलं, चावी खिशात टाकली. दोन बाइक. अंधार.

पुलाखाली पाण्याचा आवाज लांबूनच आला. टॉर्च खाली धरला. शिडीच्या तळाशी मुंगी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. एक पाय शिडी आणि पेटीच्या मध्ये अडकलेला. ओठ निळे. एक हात शिडीला, दुसरा पेटीत.

"काका, तुम्ही नका, मी उतरतो..." लंबू म्हणेपर्यंत ते उतरले होते. कमरेला दोर, वर तिघांनी धरलेला. पाण्यात बुडी मारून त्यांनी बूट सैल केला, पाय ओढून काढला. एकदा नाही निघाला. दोनदा नाही. तिसऱ्यांदा निघाला. पण मुंगी गोळा सोडेना.

"सोड, बाळा. सोड आता."

तिचे दात वाजत होते. "दि... दिवा... दिसला का?"

वर उभ्या हेडबाईला काकांचा चेहरा दिसला नाही. फक्त आवाज आला. तो मुंगीशी बोलणाऱ्या माणसाचा आवाज नव्हता.

"दिसला रे," काका म्हणाले. "दिसला. बघितला मी. सोड आता."

मुंगीला वर घेतलं. जॅकेटात गुंडाळलं. हेडबाईने तिला इतकं घट्ट धरलं की ती कण्हली. "मूर्ख! एका आकड्यासाठी? मेली असतीस... माझ्यामुळे..."

"एकशे बारा," मुंगी पुटपुटली. "पट्टीवर एकशे बारा होतं. वहीत नीट लिही."

लंबू आणि झोपाळू तिला दवाखान्यात घेऊन गेले. पायाला सूज होती, बाकी ठीक, असा फोन दीड वाजता आला. तोवर हेडबाई आणि काका लॅबपाशी परतले होते. काकांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. त्यांनी खिशातली चावी काढून कुलूप उघडलं. कुलूप होतं तसंच होतं. खिडक्या आतून बंद.

"काका, कपडे बदला आधी."

"बदलतो. तू लिही तिचा आकडा."

टेबलावर नोंदवही होती तिथेच होती, मिटलेली. तिने पट्टी घेतली, पेन घेतलं. स्वतःची खोटी नोंद स्वतःच्या हाताने खोडायची, आणि सकाळी सरांना काय ते खरं सांगायचं. मार्क गेले तर गेले. तिने एकविसावं पान काढलं.

पेन तिच्या हातातच राहिलं.

छप्पन्नवर रेघ मारलेली होती. एकच, सरळ, पट्टी ठेवून. तिने केलेल्या मुंगीच्या सहीवर दुसरी. वर बारीक, नीटस अक्षरात लिहिलं होतं, एकशे बारा. सहीची जागा मात्र कोरी ठेवली होती, जिने खरंच पाणी मोजलं तिच्यासाठी.

रेघांच्या दोन्ही टोकांना एकेक टिंब होतं.

तिने काकांना हाक मारली नाही. कोरडे कपडे घालून ते आपणहून आले, तिच्या खांद्यावरून वाकले आणि... तसेच राहिले. किती वेळ, ते तिलाही नाही सांगता येणार. आयुष्यात पहिल्यांदा तिला कशाचीच घाई नव्हती.

मग काकांनी हात पुढे केला. शेवटच्या टिंबावर बोट टेकवलं, लहान मुलाच्या गालावर टेकवावं तसं हळूच.

बोट उचललं तेव्हा त्याला शाई लागली होती. ओली.