नायक बुडाला म्हणून

लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावरच्या स्टुडिओपर्यंत पोचता पोचता तिला चांगलीच धाप लागली. दारापाशी जमिनीवर बसून एक तरुण वायरींचं भेंडोळं सोडवत होता. काळाभोर वर्ण, दाट कुरळे केस, लांबसडक बोटं... हा आपल्यातला नाही, दुसऱ्याच वंशाचा आहे, एवढं तिला दिसलं. म्हणजे परदेशी असणार, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं. ती जराशी वाकली, आवाज चढवला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "इथे... पुस्तक... वाचतात... कुठे? तुम्ही... आमची भाषा... समजते?"

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"समजते," तो म्हणाला. "फक्त 'तुम्ही समजते' नव्हे, 'तुम्हाला समजते'. या आत. आज पहिलं प्रकरण आहे ना आपलं?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं मात्र उठून तिला पाण्याचा ग्लास दिला आणि खुर्ची पुढे केली. "एवढं मनाला लावून घेऊ नका. चांगले शिकलेसवरलेले लोक माझ्याशी असंच बोलतात. व्याकरण सगळ्यांचंच बिघडतं."

तो तिथला रेकॉर्डिस्ट होता. स्टुडिओत सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण कुणाचा एकही उच्चार तो चुकीचा जाऊ देत नसे. त्याचे आजोबा कधीकाळी बोटीतून उतरले ते इथेच राहिले. त्याची आई ज्या इस्पितळात नर्स होती, त्याच इस्पितळात तो जन्मला होता.

आणि ती? शाळेतली नोकरी सोडून आवाजाच्या कामाकडे वळली होती. हे तिचं पहिलं मोठं पुस्तक. ज्याच्या त्याच्या तोंडी असलेली कादंबरी — शिक्षकाची मुलगी आणि दुसऱ्या वंशाचा एक खलाशी, त्यांच्या चोरून भेटी, गावाचा राग, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी वादळात उलटलेली होडी. नायक बुडतो. ती वाचताना हुंदके देऊन रडली होती.

काचेच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो. मध्ये फक्त कानातला त्याचा आवाज.

"एक विचारू?" तिसऱ्या प्रकरणाला तो म्हणाला. "नायकाचा आवाज एवढा जाडाभरडा का काढता?"

"खलाशी आहे ना तो..."

"त्याचा मित्रही खलाशीच आहे. तो तर छान गोड बोलतो."

तिनं पान परत पहिल्यापासून वाचलं. या वेळी नायकाला तिनं साधा, सरळ आवाज दिला. काचेपलीकडे खुर्चीत मागे रेलून त्यानं डोळे मिटून घेतले, आणि ते तिला उगाचच फार आवडलं.

हळूहळू काम संपलं तरी दोघांचा पाय निघेना. खाली कोपऱ्यावर कॉफीचं एक दुकान होतं. पावसानं त्याच्या काचा धूसर व्हायच्या आणि ती बोटानं त्यावर रेघोट्या मारत बसायची.

"मला त्या कादंबरीचा शेवट आवडत नाही," तो एकदा म्हणाला.

"किती सुंदर आहे तो!"

"बुडवलाच कशाला त्याला? बाराव्या प्रकरणात मैलभर पोहून येतो की तो."

"वादळ होतं ना..."

"लेखकाच्या सोयीचं वादळ."

तिला हसू फुटलं. "मग काय व्हायला हवं होतं, मास्तर?"

"लग्न. मग घरभाडं. मग भांडी कुणी घासायची यावरून भांडण. मग पोरांचे दात, त्यांचा ताप. म्हातारा होऊन मरू दे ना त्याला आरामात."

"असलं कोण वाचेल?"

"मी वाचेन," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता कॉफी ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

नायिका आपलं प्रेम कबूल करते, ते प्रकरण आलं. 'मला तू हवा आहेस, एवढंच मला कळतं.' एकच वाक्य.

"पुन्हा," कानात आवाज आला. "जरा नाटकी झालं."

तिनं पुन्हा म्हटलं.

"आता शाळेतल्या बाई बोलल्यासारखं वाटलं. आणखी एकदा, बाईसाहेब."

तिनं कागद खाली ठेवला. काचेतून सरळ त्याच्याकडे पाहिलं, आणि ते वाक्य हळूच म्हटलं. बराच वेळ कानात काही आलं नाही.

"झालं का?" तिनं विचारलं.

"नाही..." तो म्हणाला. "बटण दाबायचं राहिलं."

त्याच्या आईला आठवड्याभरात सगळं कळलं. त्यांनी तिला जेवायला बोलावलं, आग्रह करकरून वाढलं आणि ती निघताना तिच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "आणि माझ्या पोराला तू घरी कधी नेणार?"

"लवकरच," ती म्हणाली. आणि चपला घालायला वाकली.

वडील गेल्यापासून तिच्या घरी ती आणि आई, दोघीच होत्या. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, वाचायला मनाई होती. म्हणून कादंबरी बाजारात आली तेव्हा आईनं ती लेकीच्याच आवाजात ऐकली. होडी उलटली तेव्हा तर तिनं पदराला डोळे पुसले, आणि डॉक्टर रागावतील म्हणून लगेच रडू आवरलं. मग मावशीला फोन, शेजारणीला फोन. "ऐकाच तुम्ही. आमच्या लेकीनं वाचलंय. इतका गुणी मुलगा, आणि लोक नुसते कातडीचा रंग बघत बसले."

ऐकणाऱ्यांचे निरोपही येत होते. ती ते आईला जेवताना वाचून दाखवायची. एक बाई बसमध्ये रडत बसल्या आणि उतरायचा थांबा मागे राहिला. एका निवृत्त न्यायाधीशांनी लिहिलं होतं, प्रेमाला रंग नसतो हे मला या वयात पटलं. कुणी म्हणे, नायक गेल्यावर घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटलं.

"खरंच गं," आई म्हणाली. "असा जावई कुणाला नको असेल?"

त्या एका वाक्यावर विसंबून ती रविवारी त्याला चहाला घेऊन आली.

आईनं स्वागत नीट केलं. चांगल्या कपबश्या काढल्या. त्याला कादंबरीचं कौतुक सांगितलं, रेकॉर्डिंग छान झालंय म्हणाली, आणि मग विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलाच. स्टेशनच्या मागे घर आहे आमचं."

"हो, पण मूळचे?"

तो हसला आणि आजोबांच्या बोटीची गोष्ट सांगितली. ही गोष्ट त्यानं किती जणांना सांगितली असेल, असं तिला पहिल्यांदाच वाटून गेलं. त्यानं तिच्या कपात न विचारता एक चमचा साखर घातली. आईची नजर त्या चमच्यावर थांबली.

स्वयंपाकघरात आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. "कधीपासून चाललंय हे?"

"आई..."

"माझे डोळे अधू झालेत, अक्कल नाही."

"तुला तो नायक किती आवडला होता. तूच म्हणालीस ना, असा जावई..."

"म्हणाले," आई शांतपणे म्हणाली. "आवडलाच होता. रडले ते काही खोटं नव्हतं. पण तो जातो ना गं शेवटी... तो गेला म्हणून मला रडता आलं. तो दारात येऊन उभा राहिला असता, तर मी काय केलं असतं? आत्ता करतेय तेच."

"हे तू बोलतेस?"

"मग खोटं बोलू का? मुलगा वाईट नाही. पण उद्या मावशीला काय सांगू, शेजारी काय सांगू? आणि तुझी मुलं? त्यांनाही जन्मभर लोक विचारतील, मूळचे कुठले म्हणून. आत्ता मीच नाही का विचारलं?"

जिन्यात त्यानं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"थोडा वेळ दे," ती म्हणाली. "वाचकांचा मेळावा होऊ दे. मग मी सगळं नीट करते."

"बरं," तो म्हणाला. एवढंच.

मेळाव्याला सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत आई, मावशी आणि शेजारीण. सगळ्यात मागे, ध्वनियंत्रणेच्या टेबलाशी तो. लोक एकामागून एक उठून बोलत होते. कुणी डोळे पुसत होतं, कुणी समाजाला दोष देत होतं. नायकाला शेवटी जिवंत ठेवायला हवं होतं, असं एकही जण म्हणाला नाही. मग मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले आणि हसत हसत म्हणाले, "बाई, तुमच्या आवाजानं आम्हाला रडवलं. पण खरं सांगा, तुमच्या आयुष्यात असा कुणी आला, तर?"

सभागृहात खसखस पिकली. आई मांडीवरच्या पर्सकडे बघू लागली. मावशी मात्र कौतुकानं तिच्याकडेच बघत होती.

तिनं मागे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. एक बटण किंचित फिरवत होता, तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचावा म्हणून. एक शब्द पुरे होता. 'आलाय' एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द जिभेवर आलाही...

"तो..." ती म्हणाली, आणि हसली. "तो कादंबरीतच शोभतो."

हशा झाला. टाळ्या पडल्या. आवाज अगदी स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचला होता.

लोक पांगल्यावर ती धावतच मागे गेली. तो माईक पेटीत ठेवत होता.

"मी घाबरले."

"कळलं मला."

"आई समोर होती, मावशी होती... तू चिडलायस."

"चिडलो असतो तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "तुझ्या आईचं मला काही वाटलं नाही. त्यांनी निदान तुला खरं सांगितलं. तू मात्र माझ्यावर हशा मिळवलास."

"मी आत्ता सांगते त्यांना. चल ना, बाहेरच उभ्या आहेत. तुझ्यासमोर सांगते."

त्यानं पेटी बंद केली. "लहानपणापासून मी लोकांना समजून घेत आलोय. दुकानात, शाळेत, जिन्यात. तेही सवयीनं, हसत. ते घरीसुद्धा करायचं म्हटलं तर... दमलोय गं मी."

तिनं त्याची बाही धरली. त्यानं ती सोडवून घेतली नाही, तिचीच बोटं सुटेपर्यंत थांबला. मग पेटी उचलली आणि गेला.

तिनं आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. सगळं, मावशीदेखत. मावशीनं कपाळाला हात लावला. आई म्हणाली, "हे तिथे माईकवर सांगायची हिंमत नव्हती, आणि इथे माझ्यावर दाखवतेस?"

त्यानं तो स्टुडिओ सोडला. तिनं फोन केला तेव्हा त्याच्या आईनं उचलला. "बरा आहे तो. कामावर जातो. तू जेवतेस ना नीट?" मग हळूच म्हणाल्या, "आता फोन नको करूस, बाळा."

पुढच्या महिन्यात तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेतली. आईनं अडवलं नाही, सामान बांधायला मदतही केली नाही. पहिल्याच संध्याकाळी ती खिडकी पुसत होती, तेव्हा फोन वाजला.

"पोचलीस?" आईनं विचारलं.

"हो."

"खोली बरी आहे?"

"आहे."

तिनं हातातला फडका खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"तो... आहे का तिथे?"

"नाही, आई. तो आता कधीच येणार नाही."

पलीकडे आईचा जीव भांड्यात पडला. तिनं लपवायचा प्रयत्न केला, पण लेकीला तो सुस्कारा स्पष्ट ऐकू आला.

"मग तिथे एकटी काय करतेस?" आई म्हणाली, किती दिवसांनी इतक्या मायेनं. "ये ना घरी. तुझ्या आवडीचं करते काहीतरी."

"नको," ती म्हणाली. फोन खाली ठेवला, आणि उरलेली खिडकी पुसायला घेतली.