शेवटच्या फेरीची घंटा

"काका, थांबा! चुकलं, काहीतरी चुकलं!"

टिटवी ओरडली तशी तळ्याकाठची निम्मी माणसं वळून बघायला लागली. तिचं हे टोपणनाव काही उगाच पडलेलं नव्हतं!

तळ्याभोवतीच्या रस्त्यावर सायकल शर्यती चालल्या होत्या. वेळ वाचावा म्हणून मुलांची आणि मुलींची शर्यत एकदमच सोडली होती. या शर्यतीत फेऱ्या मोजायच्या नसतात. वेळ संपत आला की घंटा वाजते, आणि घंटेनंतर एकच फेरी उरते. घंटा वाजली तशी सर्वांत पुढची मुलगी जीव खाऊन सुटली. फेरी मारून, दोन्ही हात वर करून तिने रेषा ओलांडली, आणि शर्यत संपलीच नव्हती! मागच्या मुली तिला टाकून निघून गेल्या. बिचारी सायकल आडवी टाकून रडत बसली.

"ढब्बू, अगदी मावशीसारखं झालं रे!" टिटवीने मावसभावाचा दंड गच्च धरला.

सुट्टीला टिटवी मावशीकडेच आली होती. ही मावशी, म्हणजे ढब्बूची आई, दिवसभर दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि उजाडायच्या आत सायकल मारून यायची. गेल्या वर्षी बायकांच्या शर्यतीत ती एकटी कितीतरी पुढे होती. घंटा ऐकून तिने होता नव्हता तेवढा जोर लावला, हात वर केले, आणि शेवटी आली ती सगळ्यांच्या मागून. स्पर्धेचे अध्यक्ष म्हणाले, "घंटा वाजलीच नव्हती. बाईंना भास झाला!"

झालं! तेव्हापासून तिचं नाव पडलं 'भासबाई'. टिटवीचे बाबासुद्धा विचारायचे, "मेव्हणीबाई, दारावरची बेल तरी ऐकू येते ना?" मावशी हसण्यावारी न्यायची, पण वर्षभर तिने एकाही शर्यतीचं नाव काढलं नाही. यंदा टिटवीने हट्टाला पेटून तिला भाग घ्यायला लावलं होतं.

दोघं घंटावाल्या काकांपुढे जाऊन उभी राहिली. काका स्टुलावर बसून घड्याळात डोळे घालून होते.

"काका, मुलींची घंटा आधीच का वाजवलीत?"

"मुलींची? छे! मुलांची वाजवली. मुलींची व्हायचीय अजून."

"पण ती मुलगी तेव्हा इथूनच चालली होती!"

"मग तिने कशाला ऐकली?"

टिटवीने कपाळावर हात मारला. "आणि गेल्या वर्षी बायकांबरोबर आणखी कोणाची शर्यत होती?"

"पन्नाशीपुढच्या पुरुषांची. त्यांची घंटा अगदी वेळेवर दिली होती मी!" काका छाती फुगवून म्हणाले.

"म्हणजे आईने घंटा ऐकली होती!" ढब्बू किंचाळला. "खरीखुरी!"

दोघांनी धावत जाऊन अध्यक्षांना सगळं सांगितलं, मावशीचंही. अध्यक्षांच्या मिशा भरघोस आणि आवाज त्याहून भरघोस. ते म्हणाले, "आमचं काम शिस्तीचं आहे, बाळ. ज्याची घंटा त्याला बरोबर कळते."

"कळते ना? मग मिटा डोळे!" टिटवी म्हणाली. "तुम्ही मुलींच्या शर्यतीत आहात. तुमची घंटा वाजली की हात वर करायचा."

तोवर मुलींचीही शर्यत संपली होती; लोक गंमत बघायला गोळा झाले. ढब्बूने काकांची घंटा आणून बडवली. अध्यक्षांनी झटकन हात वर केला.

"चूक! ही मुलांची होती!"

घंटा पुन्हा वाजली. आता अध्यक्ष काही फसेनात; हात खाली ठेवून मिशीत हसत राहिले.

"ही तुमची होती! हरलात की हो!"

असा हशा पिकला म्हणता! अध्यक्ष आधी लाल झाले, मग डोकं खाजवायला लागले. माणूस मनाचा सरळ होता. "अरे, गाढवपणा झाला की आमच्याकडून! आता बायकांची शर्यत एकटीच सोडू, पुरुष मागून जातील. आणि बक्षीस समारंभात मी स्वतः तुमच्या मावशीची माफी मागणार!"

मग काय विचारता! दोघांना मंडपात मानाच्या खुर्च्या मिळाल्या, सरबत आलं, फोटोवाला आला. समोर बायका रेषेवर उभ्या राहत होत्या. मावशी खाली मान घालून बुटाचा पट्टा आवळत होती.

"आईला सांगून येऊ?" ढब्बू उठला.

"आत्ता नको रे! जिंकल्यावर सांगू. केवढी चकित होईल!"

ढब्बूलाही ते पटलं. फोटोवाला म्हणाला, "हसा!" दोघं हसली.

शर्यत रंगली. मावशी आणि लाल हेल्मेटवाली एक बाई, दोघीच पुढे, चाकाला चाक लावून. घंटा वाजली. लाल हेल्मेटवाली तीरासारखी सुटली. मावशीने मान उचलून घंटेकडे एकदा पाहिलं, आणि होती त्याच वेगाने पायडल मारत राहिली.

"मावशी, सुट! पळव!" टिटवी घसा फुटेस्तोवर ओरडली, पण सगळेच ओरडत होते. काय होतंय ते कळलं तशी ती पेला ठेवून खुर्चीवरून उठली.

फेरी संपली. लाल हेल्मेटवाली जिंकली. मागच्या दोघीही मावशीच्या पुढे निघून गेल्या. मावशीने रेषा ओलांडली आणि ती थांबलीच नाही! बाकीच्या सायकलवरून उतरून पाणी पीत होत्या, आणि ती एकटीच आणखी एका फेरीसाठी दम राखून चालली होती. टिटवी रस्त्यात धावली.

"मावशी, थांब गं! संपली शर्यत!"

मावशीने ब्रेक दाबला. "संपली? घंटा वाजल्यासारखी वाटली खरी. म्हटलं, पुन्हा भास झाला."

टिटवीला रडूच कोसळलं.

अध्यक्षांनी शब्द पाळला. ध्वनिक्षेपकावरून त्यांनी माफी मागितली, भासबिस काही नव्हता म्हणून सांगितलं आणि दोघांना पुढे बोलावलं. "मोठ्यांचे डोळे उघडणारी ही चुणचुणीत मुलं! शाबास!" घंटावाल्या काकांनी पाठ थोपटली. टाळ्या थांबेचनात. टिटवीला वाटत होतं, एकदाच्या थांबाव्यात.

मावशी सायकल धरून अगदी समोरच उभी होती. तिचा चेहरा एवढा उजळला होता की टिटवीला तिच्याकडे बघवेना.

"खरंच वाजली होती तर!" मावशी म्हणाली. "वर्षभर माझा माझ्याच कानांवर विश्वास नव्हता गं. कधी शोधून काढलंत हे?"

टिटवीने ढब्बूकडे पाहिलं. ढब्बू जमिनीकडे बघत होता.

"मघाशी. तुझ्या शर्यतीच्या आधी."

"आधी?" मावशीने विचारलं.

टिटवीने मान डोलावली. मावशीने सायकल कठड्याला टेकवली आणि सगळ्यांबरोबर तीही टाळ्या वाजवायला लागली.