शाईतली तळटीप

ती जिना चढून आत आली तेव्हा एक उंच माणूस स्टुलावर उभा राहून ट्यूबलाइटशी खटपट करत होता. ट्यूब दोन दिवस डोळे मिचकावत होती. काकांनी एकदाचा वायरमन बोलावला म्हणायचा, असं समजून तिने छत्री कोपऱ्यात टेकवली, उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर पानं उलटायचं रबरी टोपण चढवलं आणि प्रुफांचा गठ्ठा पुढे ओढला.

"जरा लवकर आटपा हं," ती वर न बघताच म्हणाली. "मला या म्हाताऱ्याशी झगडायचंय. उजेड लागेल."

"कोण म्हातारा?" स्टुलावरून प्रश्न आला.

"हे टीपा लिहिणारे हो. ऐका — 'प्रस्तुत प्रसंगी नायिकेच्या वर्तनातील सांकेतिकता दृग्गोचर होते.' दृग्गोचर! सत्तरीच्या आतला माणूस असं लिहील का? मला तर या कागदाला तपकिरीचा वास येतोय."

"कवळी असेल," वायरमन गंभीरपणे म्हणाला.

"असणारच!"

"आणि कानावर केस."

ती खुदकन हसली. नेमकी तेव्हाच ट्यूब लख्ख पेटली आणि आतल्या खोलीतून काका बाहेर आले. "झालं का, सर? बरं झालं बुवा तुम्ही उंच आहात ते. अगं, ओळख झाली ना? आपल्या टीपा यांच्याच."

तिला वाटलं, टेबलाखाली शिरावं आणि पुस्तक छापून होईपर्यंत बाहेरच येऊ नये. तो मात्र सावकाश खाली उतरला, हात झटकले आणि जेमतेम तिशीतले डोळे तिच्याकडे रोखून म्हणाला, "नमस्कार. कवळी आज घरी विसरलोय."

काकांची प्रकाशनसंस्था म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली पुस्तकबांधणीवाला होता, त्याच्या खळीचा वास दिवसभर जिन्यातून वर येत राही. विद्यार्थ्यांसाठी जुन्या इंग्रजी अभिजात पुस्तकांच्या सटीप आवृत्त्या काढायच्या, हा त्यांचा धंदा. वर मूळ इंग्रजी मजकूर, खाली मराठीत टीपा, आरंभी प्रस्तावना, शेवटी शब्दसूची. काका स्वतः कुठलंही पान उचलून एकच प्रश्न विचारत, "हे किती मार्कांना येईल?"

ती तिथली मुद्रितशोधक. ऑफिसात सगळे तिला टीपकागद म्हणत, कारण समोरच्याचं सगळं ती मुकाट्याने शोषून घ्यायची आणि स्वतःचं काही उमटू द्यायची नाही. वायरमनशी बोलली तेवढं ती एरवी आठवड्याभरात बोलत नसे. घरी वहिनी म्हणायची, "तुझ्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे बाटलीत गेलेलं बूच काढायचं." खरं होतं ते. चुका ती डोळ्यांत तेल घालून शोधायची, पण मनातलं काही बोलायची वेळ आली की ते पुढच्या प्रुफावर ढकलायची. आणि माणसं काही तीन-तीन प्रुफं थांबत नाहीत. कॉलेजातला एक जण असाच वाट बघून बघून निघून गेला होता, त्याच्या लग्नात ती जेवूनसुद्धा आली होती.

समासात मात्र तिची पेन्सिल भलतीच धीट होती.

त्या ऑफिसात एक नियम होता. पेन्सिल बोलण्यासाठी, शाई छापण्यासाठी. समासातल्या शंका, उत्तरं, भांडणं सगळं पेन्सिलीत. पानात जे जायचं तेच तेवढं शाईत. अक्षरजुळणी करणाऱ्या ताई बावीस वर्षं त्याच खुर्चीत बसत होत्या. त्यांना पेन्सिल दिसतच नसे, त्या फक्त शाई वाचत.

पहिल्या प्रुफावर तिने 'दृग्गोचर' भोवती वर्तुळ काढून पेन्सिलीत लिहिलं, "आजोबा, विद्यार्थ्यांची दया करा."

प्रूफ परत आलं तेव्हा शब्द खोडलेला होता आणि शेजारी बारीक पेन्सिलीत होतं, "केली. नातवंडांनी मागितल्यावर नाही म्हणवत नाही."

मग काय, सुरूच झालं. ती लिहायची, "आजोबा, हे वाक्य सुरू होऊन सहा ओळी झाल्या, क्रियापद कुठे हरवलं?" तो लिहायचा, "शोधायला निघालोय. काठी सापडत नाहीये." प्रुफं खरं तर टपालाने जायची-यायची, पण आता तो ती स्वतः आणून देऊ लागला. एकदा दुपारी रिपरिप चालू असताना आला तो शर्टाखाली गठ्ठा धरून. कागद कोरडे ठणठणीत आणि माणूस चिंब!

"छत्री नाही का तुमच्याकडे?"

"आहे ना. पण मग तुम्ही असं बघितलं नसतं."

तिने मान खाली घातली आणि एकाच ओळीवरून तीनदा बोट फिरवलं. ओळ काही डोक्यात शिरली नाही.

तो समोरच्या बाकावर बसून राही. ती पानं उलटे, तो तिचं टोपण घातलेलं बोट बघत बसे.

"हे टोपण कधीच काढत नाही का?"

"काम संपलं की काढते."

"आणि काम कधी संपतं?"

"तुम्ही चुका करायच्या थांबवल्यात की."

"अरे वा! म्हणजे माझ्या हातात आहे तर."

"नाही," ती पुटपुटली, "माझ्या बोटात आहे." आणि आपण हे मोठ्याने बोललो, हे कळून तिचे कान तापले. ताई पलीकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांची बोटं कळफलकावर क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

खरं अडलं होतं ते अकराव्या प्रकरणावर. पुस्तक दीडशे वर्षांपूर्वीचं. नायिका खिडकीशी उभी आहे, नायक निरोप घ्यायला आलाय. ती काहीच बोलत नाही, नुसता एका हाताचा हातमोजा काढते. बस्स, प्रकरण संपलं! त्या हातमोज्यावर सत्त्याऐंशी आकडा होता आणि खाली टिपेत होतं, "तत्कालीन शिष्टाचारासाठी प्रस्तावना पाहावी."

तिने लिहिलं, "आजोबा, कोणीही प्रस्तावना पाहणार नाही. तिने हातमोजा का काढला, ते सांगा."

उत्तर आलं, "त्याने हात धरावा म्हणून."

"मग तसंच लिहा की! इतकं सोपं असताना शिष्टाचार कशाला?"

"सोपं लिहायला धीर लागतो," त्याने लिहिलं होतं, "नायिकेला आहे. मला थोडा वेळ द्या."

ती चार शब्दांची शेवटची ओळ तिने कितीदा वाचली, याचा हिशेब नाही. घरी कुकरच्या शिट्या होऊन गेल्या तरी ती ओट्याशी तशीच उभी. वहिनीने गॅस बंद केला आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "कुठल्या पानावर आहेस गं?"

आणि मग तो सोमवार उजाडला. काका पेढ्यांऐवजी नुसती बातमी घेऊन आले, तो त्यांचा स्वभावच. "सरांना कायमची नोकरी लागली बरं का! पार दुसऱ्या शहरात. पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय. तेव्हा शनिवारी बाराला पुस्तक छापखान्यात गेलंच पाहिजे. सही करून मोकळे होतील ते."

तो बाकावर बसला होता. तिच्याकडेच बघत होता.

"अभिनंदन," ती म्हणाली.

"एवढंच?"

"...चांगली बातमी आहे."

तो उठला, दुसरं प्रूफ काखोटीला मारलं आणि गेला. तिने समोरच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं, 'जाऊ नका.' मग खोडरबराने इतकं घासलं की कागद फाटला. शनिवारपर्यंत पाच दिवस होते. पुढचं प्रूफ आता एकच उरलं होतं, आणि त्यानंतर बोलायला समाससुद्धा असणार नव्हता.

शुक्रवारी सकाळी ताईंनी तिसरं प्रूफ टेबलावर ठेवलं. ती एकेक पान बघत गेली. पान दोनशे अकरा. टीप सत्त्याऐंशी.

'हातमोजा काढणे — हात धरू देणे. टोपण काढणे — याचा अर्थ मला अजून कळलेला नाही. तू काढशील तेव्हा कळेल.'

स्वच्छ, सुबक, छापील अक्षरांत!

माणूस सवयीचा गुलाम. तिला पहिल्यांदा दिसलं ते एवढंच, की सगळ्या पुस्तकात विद्यार्थ्याला 'तुम्ही' आहे आणि इथे 'तू' आलाय. तिची पेन्सिल दुरुस्तीसाठी उचललीही गेली. मग अर्थ पोचला. छातीत असं काही धडधडलं की तिला वाटलं, खालच्या बांधणीवाल्यालाही ऐकू गेलं असेल. पाठोपाठ पाचावर धारण बसली. समासातलं बोलणं चुकून पानात आलं! हजारो मुलं हे पाठ करणार!

ती धावत ताईंकडे गेली. "ताई, अहो, हे काय लावलंत? हे पेन्सिलीतलं असणार."

ताईंनी चष्म्यावरून बघितलं. "बावीस वर्षांत पेन्सिलीतलं कधी लावलंय का गं मी?" त्याने परस्पर त्यांच्याकडेच आणून दिलेलं दुसरं प्रूफ त्यांनी फायलीतून काढलं आणि तिच्यापुढे सरकवलं. "बघ तूच."

निळी शाई. एकही खाडाखोड नाही. 'तू' तर इतर अक्षरांपेक्षा जरा ठसठशीत.

"आता चुकून झालं असेल तर माहीत नाही बाई," ताई पुन्हा कळफलकाकडे वळत म्हणाल्या. "पेन्सिल हरवली असेल बिचाऱ्याची." आणि त्यांचे खांदे हसण्याने हलायला लागले.

काकांनीही ते पान आधीच वाचलं होतं. "सत्त्याऐंशी जरा गूढ आहे," ते दारातून म्हणाले, "पण पाच मार्कांना विचारतील."

शनिवारी तो अकरा वाजता आला. नवा शर्ट, आणि चेहरा निकालाच्या दिवशीचा. पावसाची भुरभुर चालू होती. आज त्याने छत्री आणली होती, हे तिला का कोण जाणे फार लागलं. आतल्या खोलीत काका छापखान्याशी फोनवर बोलत होते. ताई जागेवर नव्हत्या. बावीस वर्षांत त्या पहिल्यांदाच वेळेच्या आधी चहाला गेल्या होत्या.

"सही करायची होती," तो म्हणाला.

तिने प्रूफ पुढे केलं. शेवटचं पान नाही, दोनशे अकरावं. टीप सत्त्याऐंशीतली पहिली ओळ तेवढी शिल्लक होती. पुढच्या दोन्ही वाक्यांवर लाल रेघ, समासात लाल शाईत 'काढा'.

त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बरोबर आहे. नियमाप्रमाणेच आहे. माझीच चूक —"

"पेन्सिल कुठे होती?"

"अं?"

"तुमची पेन्सिल. शाईत लिहिलंत तेव्हा. हरवली होती का?"

त्याचा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला. मग हळूच म्हणाला, "खिशात होती."

आता बोलायची पाळी तिची होती. शब्द नेहमीसारखा आत अडकला... पुढच्या प्रुफात, म्हणाली ती सवय. पण पुढचं प्रूफ नव्हतं. खाली छापखान्याची गाडी येऊन थांबल्याचा आवाज झाला.

"पुस्तकातून काढलंय," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण आला. "तिथे नकोच ते. हजारो मुलांनी का वाचायचं? ते... माझं आहे."

आणि तिने डाव्या हाताने उजव्या हाताच्या बोटावरचं टोपण धरलं, ओढलं आणि टेबलावर ठेवलं.

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, काम संपल्यावर —"

"संपलेलं नाहीये काम," ती म्हणाली. "अजून पुष्कळ चुका करणार आहेस तू."

'तू' ऐकला मात्र, आणि एवढा टीपांचा पंडित टीपा विसरला. त्याने हात पुढे केला आणि तिचं बोट धरलं. दिवसभर रबरात राहून राहून त्याचं टोक पांढरंफटक आणि सुरकुतलेलं झालं होतं.

"हे तर सत्तरीचं आहे," तो हळूच म्हणाला.

ती हसली, डोळे भरून आले तशीच हसली. "अर्थ दृग्गोचर झाला का, आजोबा?"

"झाला... पण एकदाच बघून लक्षात राहील असं नाही. मी दर शनिवारी येईन. तीन तासांचा तर प्रवास आहे."

"प्रुफं घेऊन?"

"आणि प्रुफं नसली तर?"

"तरी ये."

"सर!" आतून काका ओरडले, "सही झाली का? गाडी खोळंबलीये!"

"करतोय, करतोय!" तो म्हणाला. पण त्याचा उजवा हात गुंतलेला होता आणि सोडवायची त्याची इच्छा दिसत नव्हती. शेवटी तिनेच शेवटचं पान उलटून त्याच्यापुढे धरलं, आणि 'छापण्यास हरकत नाही' या ओळीखाली त्याने डाव्या हाताने, शाळकरी मुलासारखी वेडीवाकडी सही केली.

त्या पुस्तकाच्या पुढे बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. टीप सत्त्याऐंशी सगळ्यांत एका ओळीचीच आहे, आणि काका म्हणाले होते तरी ती अजून परीक्षेत आलेली नाही.