किलकिलं दार

भिंतीवर रंगवलेल्या दाराची कडी वाजलेली कधी ऐकली आहे तुम्ही? एका चित्रकारबाईंनी ऐकली. अशी दारं रंगवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

त्यांचं कामच ते. कोऱ्या भिंतीवर जिना, खिडकी, लांबलचक बोळ असं काढायचं की बघणाऱ्याने पाय उचलून पुढे जावं. पण ही फसगत एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून साधते. जरा सरकलं की रेघा वाकड्या. म्हणून भाव सांगण्याआधी त्या विचारायच्या, "बघणार कुठून?" जागा वाढल्या की पैसे वाढले.

"एकच जागा, ताई," काम सांगायला आलेली बाई म्हणाली. तिने कमरेशी हात धरला. "एवढ्या उंचीवरून."

"तिथून कोण बघणार, मांजर?" चित्रकारबाई हसल्या.

ती हसली नाही. "माझा मुलगा. तापात गेला. मग ते घर पाडलं, मी इथे आले. त्याला आमचं जुनं दार तेवढं माहीत आहे हो. हे घर सापडणार कसं त्याला?"

चित्रकारबाईंना कुठे तोंड लपवू असं झालं. त्यांनी भाव अर्ध्यावर आणला, पण ती ऐकेना. "पूर्ण पैसे घ्या. दार मात्र हुबेहूब हवं."

जुन्या चौकटीची उभी फळी तिने जपून आणली होती. मुलाच्या वाढत्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या तिच्यावर. चित्रकारबाईंनी ती समोरच्या भिंतीला टेकवली. शेवटची खूण डोक्याची, म्हणजे डोळे चार बोटं खाली. तिथे खिळा मारून त्यांनी रंगवायच्या भिंतीपर्यंत दोरे ताणले आणि एकेक रेघ त्या दोऱ्यांवरून बेतली. उभ्याने पाहिलं तर नुसते वितळलेले निळे फराटे. गुडघ्यांवर बसून खिळ्याशी डोळा नेला की किलकिलं दार, लोंबती कडी.

"खाली रंग उडाला होता ना, तसाच काढा," आई सांगायची. "बुटाने ढकलायचा मेला. किती ओरडायचे मी..."

शेवटच्या दिवशी आवरता आवरता अंधारून आलं. टर्पेंटाइनच्या वासात हळूच दुसरा वास मिसळला. तापाच्या गोड औषधाचा. आणि कडी वाजली. एकदाच, हलकी.

"ऐकलंत...?"

"तो दोनदा वाजवायचा," आई पुटपुटली. "एकदा वाजवून थांबायचा... मग पुन्हा."

दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. पुन्हा वाजलीच नाही. आई खिळ्याशी बसली. "काय चुकलं, ताई? दार तर तेच आहे..."

चित्रकारबाई निघताना उंबऱ्याशी अडखळल्या. "त्याला जाऊन... किती वर्षं झाली?"

"पाच."

त्यांनी एकवार फळीवरच्या शेवटच्या खुणेकडे पाहिलं आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उरलेले डबे न्यायला आल्या. आईचे डोळे सुजले होते आणि दोन्ही तळवे निळे झाले होते.

"दुसऱ्या उंचीचे किती द्यायचे, ताई?"

"कसली दुसरी उंची?"

"पहाटे पुन्हा वाजली कडी. उभ्यानेच दार दिसलं. 'आले रे' म्हणत उघडायला धावले मी..." तिने तळव्यांकडे पाहिलं. "भिंतच लागली हो हाताला."

चित्रकारबाई खिळ्याशी बसल्या. तिथून दार वेडंवाकडं दिसत होतं. त्या हळूहळू उठत गेल्या. जवळजवळ उभ्या झाल्या तेव्हा कुठे सगळ्या रेघा जुळल्या. रंग ओलाच होता. त्यावर ना नव्या कुंचल्याची खूण होती, ना आईच्या हाताचा डाग.

फळीवर शेवटच्या खुणेच्या खूप वर पेन्सिलची एक नवी रेघ होती. चित्रकारबाईंनी बोटं लावून पाहिलं. जिथून दार जुळत होतं ती जागा त्या रेघेच्या बरोबर चार बोटं खाली होती.