धोटेबोळातला कापलेला ताणा

कुंडलिक मास्तरांनी रविवारची अंघोळ एका तांब्यात उरकली होती, आणि त्या अपमानाचं वर्णन करण्यात ते रंगून गेले होते.

"एक तांब्या, अक्का! ह्या देहाला!" मास्तर शाळेत ड्रिल शिकवत, त्यामुळे देह खरोखरच मोठा होता. "काल संध्याकाळी अख्ख्या पेठेत नळाला टिपूस आला नाही. दुष्काळ सरला की आता! धरण होईल तेव्हा होईल, तवर आम्ही काय कोरडं अंग पुसायचं?"

"पुसा. धूळ तरी निघेल," सावित्रम्मा म्हणाल्या आणि कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवला.

सावित्रम्मा हत्तुरे सोलापूरच्या कोर्टात वर्षानुवर्षं दुभाषी होत्या. कानडी, तेलुगू, दखनी, मराठी, चारी भाषांतलं खोटं त्यांनी इमानेइतबारे साहेबांपुढं मांडलं होतं. त्यात कान असा तयार झाला की नोकरी सुटल्यावर लोक घरीच येऊ लागले. कुणाचे दागिने गेलेले, कुणाचा जावई. बाई शोधून द्यायच्या. मास्तर त्यांचे माडीवरचे भाडेकरू. त्यांना आजवर कशाचाही शोध लागला नव्हता, पण सोबत जायची हौस दांडगी.

दारात एक वाळका म्हातारा उभा राहिला. चप्पल हातात, डोळे लाल.

"मी मल्लय्या गड्डम. ह्याच पेठेतला, धोटेबोळातला विणकर. बाई, माझा ताणा कापला."

मास्तरांनी त्याला पाट दिला. म्हातारा बसला आणि एका दमात बोलत सुटला.

धोटेबोळात एके काळी घरोघरी माग होते. आता तिथं सात मजली इमारत उठणार होती, लिफ्टवाली. एकेकानं जागा सोडायची सही केली, माग मोडला आणि गावाबाहेर पत्र्याच्या खोलीत गेला. राहिला एकटा मल्लय्या. घरमालकानं कोर्टात सांगितलं होतं की ह्या जागेत आता माग चालतच नाही, जागा पडून आहे. म्हणून उद्या सोमवारी कोर्टाचा माणूस जागा बघायला येणार होता.

"चालता माग दिसला तर घर राहील. रिकामा दिसला तर गेलं," मल्लय्या म्हणाला. "काल संध्याकाळी मी मार्कंडेयाच्या देवळात भजनाला गेलो. परत येऊन बघतो तर ताणा, मागावरचे सगळे उभे धागे, कापलेला. बाई, तो माग कधी रिकामा राहिला नाही. बाप गेला त्या दिवशीही नाही! आमच्यात ताणा संपत आला की त्याच्या शेवटाला नवा सांधायचा. धाग्याला धागा. माग उघडा पडला म्हणजे घरातलं माणूस गेल्यागत."

"संशय कुणावर?"

"त्या इमारतीवरचा मुकादम, मानसिंग. दुसरं कोण असणार?" मल्लय्यानं खाली बघत विचारलं. "दुसरं कोण असणार, बाई?"

सावित्रम्मांनी त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग चप्पल घातली.

*

धोटेबोळ म्हणजे पडलेल्या दातांचा जबडा होता. घरं पाडून टाकलेली, मधेच एखादी चौकट उभी, कुठं चुलीचा काळा डाग. मल्लय्याच्या घराला लागूनच इमारतीच्या पायाचा भलामोठा खड्डा खणला होता. काठावर रंगीत फळा: निळं आभाळ, पांढरी इमारत आणि गच्चीत चहा पिणारी गोरीपान बाई. मास्तर फळ्यापुढं थबकलेच.

"अक्का, लिफ्टमध्ये बसल्यावर पोटात गुदगुल्या होतात म्हणे!"

"तुमचं पोट बघता लिफ्टलाच होतील. चला."

उंबऱ्यावर सिमेंटनं माखलेल्या बुटांचे ठसे होते, उंबऱ्यापर्यंतच. आत एकही नव्हता.

मल्लय्याची बायको पार्वतम्मा चुलीपाशी होती. बारीक, ताठ बाई. कुणी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "मी नव्हते घरात. नळावर गेले होते, पाण्याला. दाराला बाहेरनं कडी लावून. आले तर हे असं."

"बरं, बरं," सावित्रम्मा तेलुगूत म्हणाल्या, "घोटभर पाणी द्या."

पार्वतम्मानं डेरा वाकडा केला. तळातून अर्धा पेला निघाला. सावित्रम्मा सावकाश प्यायल्या.

माग खोलीच्या टोकाला होता, भिंतीला लागून. जमिनीत खड्डा, विणकरानं काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे आणि तळातल्या पावड्या पायांनी दाबायच्या. एक डावा, एक उजवा. समोर अर्धी विणलेली चादर. मागच्या बाजूला सगळा नास: तुळईवर गुंडाळलेला ताणा आडवातिडवा चिरलेला, कशाच्याही कामाचा न उरलेला.

मल्लय्या मागाकडं पाठ करून दारात बसून राहिला.

"मास्तर, धागे ओवलेत त्या फणीच्या मागं बघा. काय दिसतं?"

मास्तर गुडघ्यावर बसले. कापलेल्या धाग्यांची टोकं मूठमूठभर घेऊन कुणीतरी घट्ट गाठी मारल्या होत्या. ओळीनं, एकसारख्या.

"पोरींच्या वेण्या बांधल्यागत दिसतंय," मास्तर म्हणाले. "कापायचं ते कापलं आणि वर नट्टापट्टा?"

तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली आणि धडाड्कन सुरुंग उडाला. इमारतीच्या पायाला खडक लागला होता. खोली हादरली, मागाच्या फणीतले धागे थरथरले आणि भिंतीवरून चिमूटभर माती मागाच्या खड्ड्यात पडली. मास्तरांनी दचकून सावित्रम्मांचाच दंड धरला.

"सोडा. भिंत बघा."

मागामागच्या भिंतीवर शेणामातीचा उभा पट्टा ओढलेला होता. माती अजून ओलसर, त्यात बोटांचे फराटे. आणि त्या ओल्या पट्ट्याच्या मधोमध, केसासारखी, नवी भेग.

"सारवण बरं नाही झालं," मास्तरांनी शेरा मारला.

*

मानसिंग मुकादम टेंभुर्णीकडचा. पायात सिमेंटनं पांढरे झालेले बूट, तोंडात पान.

"म्या कापला? त्यो ताणा?" तो खो-खो हसला. "बाई, मला कापायचंच असतं तर कुऱ्हाड घिऊन मागाचं सरपण केलं असतं की! दोऱ्या कापत बसाया मी काय शिंपी हाय व्हय?"

"काल संध्याकाळी तुम्ही त्यांच्या दारात होता."

"व्हतो की. सांगायला गेल्तो, म्हाताऱ्या, सुरुंग लावतोय, भितीजवळ बसू नगं. मी बी माणूस हाय. पर दार आतनं लावल्यालं. लई हाका मारल्या, कुणी ओ दिली न्हाय. आलो माघारी."

"आतून लावलेलं? नक्की?"

"ढकलून बघितलं की. भायेर कडी मोकळी लोंबत व्हती." त्यानं फळ्याकडं मान वळवली. "सात मजले. घराघरात दोन नळ. खुर्चीगत बसायचा संडास! पर आमच्यासाठी न्हाय त्ये. डाक्टर, कारखानदार, असली माणसं येणार. मी बी बांधून झालं की पुढच्या खड्ड्यात."

पोशेट्टी हा मल्लय्याचा जुना शेजारी. बोळातला शेवटून दुसरा विणकर. सही करून आता तो ह्याच इमारतीवर सळया वाहत होता. तो खडीच्या ढिगावर बसून बशीतून चहा पीत होता, डाव्या हातानं. उजवा पंजा चिंध्यांमध्ये गुंडाळलेला.

"सळईखाली आला परवा," तो म्हणाला. "दोन बोटं हलत नाहीत. बाई, मल्लय्या मला तोंड दाखवत नाही. म्हणतो, तू माग विकलास. खरंय. मी विकला. पण ताणा? नाही हो. ज्यानं जन्मभर आडवा बाणा टाकलाय तो ताण्याला कात्री लावायला धजणार नाही."

"आणि लावलीच तर?"

पोशेट्टी बशीत बघत राहिला. "तर रडत रडत लावेल."

परतताना मास्तरांनी निकाल देऊन टाकला. "मानसिंगच! हसतोय बघा कसा."

"मास्तर, काल संध्याकाळी नळाला पाणी होतं का?"

"कुठलं? सकाळपासून तेच तर सांगतोय—" मास्तर बोळाच्या मधोमध उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शोध लागत होता, आणि तो नको नकोसा वाटत होता.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "घरी जाऊ. मानसिंगचंच नाव सांगू. मुकादमच तो, त्याला काय होतंय?"

"वीस वर्षं लोकांचं खोटं मी खऱ्यासारखं बोलून दाखवलं. पण ते त्यांचं होतं," सावित्रम्मा म्हणाल्या. "माझं स्वतःचं एकही नव्हतं."

*

उन्हं कलली होती. खोलीत मल्लय्या दारात, पार्वतम्मा चुलीपाशी. पोशेट्टी बाहेरच्या दगडावर येऊन बसला होता. आत या असं त्याला कुणी म्हटलं नाही.

सावित्रम्मांनी आवाज चढवला नाही.

"मानसिंग आत आलाच नाही. त्याच्या बुटांचे ठसे उंबऱ्यावर थांबलेत. शिवाय बाहेरचा माणूस असता तर त्यानं माग फोडला असता. इथं फणी शाबूत, बाणा नेणारा धोटा शाबूत. फक्त ताणा कापलाय. आणि कापून झाल्यावर टोकांना गाठी मारल्यात."

"त्या कशाला, अक्का?" मास्तरांनी विचारलं. माहीत असूनही विचारलं. कुणीतरी विचारायला हवं होतं.

"सुरुंगाच्या हादऱ्यानं धागे फणीतून निसटू नयेत म्हणून. निसटले तर माग उघडा पडतो. गाठी असल्या तर कधी ना कधी त्याला नवा ताणा सांधता येतो. कापणाऱ्याला माग थांबवायचा होता, पण रिकामा करायचं धाडस झालं नाही. असं विणकराच्या घरातलंच माणूस करतं. पोशेट्टीला ठाऊक आहे हे सगळं, पण त्याच्या उजव्या हातानं चहाची बशी धरवत नाही, इतक्या गाठी कुठून मारणार?"

चुलीतलं लाकूड तडकलं.

"मानसिंग आला तेव्हा दार आतून लावलेलं होतं. म्हणजे आत कुणीतरी होतं. मल्लय्या भजनात. राहिलं एकच माणूस, आणि ते म्हणतं मी नळावर होते. काल संध्याकाळी पेठेत नळाला पाणीच नव्हतं, पार्वतम्मा. तुमच्या डेऱ्यात आज अर्धा पेला उरलाय."

पार्वतम्मा उठली नाही. रडलीही नाही.

"आणि कारण त्या भिंतीवर आहे," सावित्रम्मांचा आवाज खाली आला. "तुम्ही ती भेग लिंपता. सुरुंग उडतो. ती परत उघडते. आणि तिच्याखाली, खड्ड्यात पाय सोडून, दिवसभर मल्लय्या बसतात."

"सांगून बघितलं," पार्वतम्मा म्हणाली. आधी तेलुगूत, मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत. "पाया पडले. म्हटलं, भिंत येईल अंगावर. म्हणाले, येऊ दे, मागावर मरेन. यांचं मरण झालं, मग माझं काय? ताणा असेपर्यंत हे खड्ड्यातून उठणार नव्हते. म्हणून कापला. घर जाणार हे ठाऊक होतं. कापला." तिनं आपले हात उलटे करून पाहिले. "पण तो उघडा राहिलेला बघवेना."

मास्तर मल्लय्याकडं वळले. आता म्हातारा किंचाळेल, हात उगारेल. त्याला धरायला ते तयारच होते.

मल्लय्या शांतपणे म्हणाला, "गाठी मी कालच बघितल्या, बाई."

"मला वाटलंच," सावित्रम्मा म्हणाल्या.

"तिची गाठ मी ओळखणार नाही होय? लग्न होऊन आली तेव्हा मीच शिकवली. म्हणून तर तुमच्याकडं आलो. तुम्ही हुशार. वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी नाव काढाल." तो थांबला. "काढलं असतं, तर मी विश्वास ठेवला असता."

दारातून पोशेट्टी पुढं आला. "मल्लय्या, अजून उद्याची सकाळ आहे. माझ्याकडं शिल्लक सूत आहे. बोळातली माणसं बोलावू. सगळ्यांनी बसून सांधलं, तर तो साहेब येईपर्यंत..."

"कोण माणसं?" मल्लय्यानं विचारलं.

पोशेट्टीनं बोळाकडं पाहिलं. चौकटी उभ्या होत्या, दारं नव्हती. त्यानं चिंध्यांतला हात सदऱ्याखाली घेतला. बाहेर शिट्टी वाजली. कुणीही हललं नाही. सुरुंग उडाला, आणि ह्या वेळी भिंतीतून मूठभर माती खड्ड्यात पडली.

मल्लय्या उठला. मागाच्या काठावर बसला, सवयीनं पाय आत सोडले. पार्वतम्माच्या तोंडून हाक निघाली, पण तो विणणार नव्हता. त्यानं कात्री घेतली आणि एकेक गाठ कापायला सुरुवात केली. मग अर्धी चादर पुढं ओढली, तसे धागे फणीतून सरसर निघून आले. शेवटी फणीच्या दातांतून पलीकडची भिंत दिसू लागली.

सगळे झुबके ओंजळीत घेऊन तो चुलीपाशी गेला आणि बायकोच्या पदरात टाकले.

"घे," तो म्हणाला. "वाती कर."

सोमवारी कोर्टाचा माणूस आला, आत डोकावला आणि गेला. त्याला चप्पल काढायचीही गरज पडली नाही.

*

इमारत उभी राहिली, फळ्यावरच्यासारखीच पांढरी. कुंडलिक मास्तरांना वरच्या मजल्यावरच्या एका डॉक्टरांनी मुलाला व्यायाम शिकवायला बोलावलं. मास्तर हौसेनं गेले. लिफ्टची जाळी सरकली.

आत स्टुलावर खाकी कपड्यांत मल्लय्या बसला होता.

"कितवा मजला, मास्तर?"

मास्तरांना मजला आठवेना. त्यांनी नुसतं वर बोट केलं. मल्लय्यानं बटण दाबलं. लिफ्ट जमीन सोडून वर निघाली. पोटात गुदगुल्या झाल्या नाहीत. मास्तरांची नजर खाली गेली.

स्टुलाखाली म्हाताऱ्याचे पाय हलत होते. एक डावा, एक उजवा. एक डावा, एक उजवा.