राखलेली पाकळी

रास अल खैमाच्या जुन्या वस्तीत मोत्यांच्या एका व्यापाऱ्याचं दुमजली घर आहे. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, तुळया कालिकतहून गलबतानं आलेल्या सागाच्या, माथ्यावर वारा पकडून खाली सोडणारा चौकोनी बुरूज. खिडक्यांवर जिप्समच्या सोळा जाळ्या, इतक्या नाजूक की वाऱ्यानंही चपला काढूनच आत यावं.

गुहागरचा किसन एकतीस वर्षं आखातात जाळ्याच कोरत होता. या घराची डागडुजी हे शेवटचं काम. शुक्रवारचं तिकीट खिशात. गावी बायको, आशा, दिवस मोजत होती.

एक गोष्ट मात्र त्याला खटकली. प्रत्येक जाळीतल्या फुलाची एक पाकळी न कोरता सोडलेली.

"विसरला असेल कारागीर," तो म्हणाला.

"सोळा वेळा?" दापोलीचे म्हातारे वॉचमन हारुनचाचा हसले. "राखलीय ती, मेल्या. जुने उस्ताद म्हणायचे, काम पुरं केलंस तर घर तुला सोडायचं नाही."

आर्किटेक्ट मिहिका शारजात वाढलेली. ती म्हणाली, "काका, प्लीज, फिनिश ऑल सिक्स्टीन. गुरुवारी हँडओव्हर आहे."

किसन कोरू लागला. चार वाजता चाचा पुदिना घातलेला बिनदुधाचा सुलेमानी चहा आणत. दोघं तुळईवरची गलबतवाल्यांची नावं वाचत, आपापल्या गावच्या बंदरांच्या गप्पा मारत. एवढं सुख त्याला आखातात कुठल्याच घरानं दिलं नव्हतं.

दहावी पाकळी झाली. खाली हात धुताना त्याला वरून टकटक ऐकू आली. दोन हलके घाव, एक जड. ही लय त्याच्याच हाताची.

बुधवारी चाचा जिना उतरताना थबकले.

"तू खाली कधी आलास? वर आत्ताच चहा दिला तुला."

चाचांच्या हातातला पेला रिकामा होता. काचेवर जिप्समच्या भुकटीनं पांढऱ्या बोटांचे ठसे. किसनच्या जिभेवर पुदिना.

त्यानं पंधरावर हात थांबवला. सोळावी पाकळी तशीच राखली, छिन्न्या गुंडाळल्या. मिहिका रागावली. तो शुक्रवारी विमानात बसला.

पंधरा दिवसांनी चाचांचा फोन आला.

"सोळावी झाली रे. सफाई तुझीच."

"मी तर इथं आहे, चाचा."

"बरं. चार वाजले. चहा ठेवतो."

गुहागरात साडेपाच झाले होते. आशानं कप पुढं केला.

"नको," किसन म्हणाला. "आत्ताच झाला."