ज्याचा वास, त्याचं

कुत्रं आणायची हौस माझीच, हे आधीच सांगते. या घरात पातेल्यांपासून पडद्यांपर्यंत सगळं यांच्या पहिल्या बायकोचं. कात्रीसुद्धा तिची, डावखुऱ्यांची. माझा अंगठा सोलून निघतो. ती जाऊन चार वर्षं झाली, मी लग्न करून आले त्याला दोन. तरी यांच्या तोंडी अजून तिच्याच हातची चव, तिचाच टापटीपपणा. मेल्या म्हशीला मणभर दूध! म्हटलं, एक तरी जीव फक्त माझा असू दे.

मी कपडे शिवते, म्हणून त्याचं नाव ठेवलं बटण. भटकी कुत्री सांभाळणाऱ्या बाईनं ते देताना बजावलं होतं, "घरातल्या माणसाचा न धुतलेला कपडा त्याच्या अंथरुणात घाला. ज्याचा वास, त्याचं ते होतं."

मी माझी शाल द्यायची की नाही? पण कपाटाच्या वरच्या खणात तिचा राखाडी स्वेटर दिसला. यांनी तो कधी धुऊ दिला नव्हता. माझं पित्तच खवळलं. लोळू दे कुत्र्याला, होऊ दे चिंध्या! रागात अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

हे घड्याळाच्या दुकानातून आले, अंथरूण बघितलं. "तो स्वेटर..." एवढंच म्हणाले आणि आत गेले. तोवर बटणानं कोपरावर भोक पाडलं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवसापासून ते माझ्या हातचं सरळ खाईना. मी वाडगं ठेवलं की खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं, शेपूट हलवायचं, मगच तोंड घालायचं. दुपारी मी मशीनवर बसले की ते त्या खुर्चीपाशी पोट वर करून पडायचं. आणि पोटावरचे केस... दबायचे. हळूहळू, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला.

"अहो, हे कुणाकडे बघतं?"

हे हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा इतके मोकळे. "रुळलं की गं," म्हणाले.

माझा असा जळफळाट झाला की घाबरायचं राहूनच गेलं. कुत्रंसुद्धा तिचंच? काल दुपारी स्वेटर खेचून घेतला, बादलीत साबणाच्या पाण्यात बुडवला, आणि शिवलेले कपडे पोचवायला बाहेर पडले. हे दुकानात होते. किल्ली माझ्याकडे.

तासाभरानं दार उघडलं तर बटण दात काढून माझ्या अंगावर आलं. अनोळखी माणसावर भुंकतात तसं.

"बटण... अरे, मी आहे..."

ते एकदम गप्प झालं. कुणी दटावल्यासारखं कान पाडून खुर्चीपाशी जाऊन बसलं.

खुर्चीवर स्वेटर होता. कोरडा. कोपराचं भोक रफू केलेलं. मी धंद्यातली बाई, टाका ओळखते. माझ्यापेक्षा सुबक होता. पण प्रत्येक टाका उलट्या अंगाला तिरका... डाव्या हातानं घातलेला.

मग बादलीत काय होतं?

मी जाऊन पाहिलं. साबणाच्या पाण्यात माझी शाल होती. माझा गाऊन. माझ्या उशीची खोळ. घरात माझा वास लागलेलं होतं नव्हतं ते सगळं.